वाट दाखवणाऱ्याची पाठ

हरजी भाटकराला गलबताची सरदारी मिळून महिनाही झाला नव्हता. परक्यांचे अजस्र लढाऊ जहाज दिसताच तो खाडीत पळून आला. भरल्या सदरेवर सुभेदार त्र्यंबकरावांनी त्याची तलवार काढून घेतली.

"सरदार म्हणवता आणि शत्रूला पाठ दाखवता?"

"होय, सरकार. वाट दाखवणाऱ्याची पाठच दिसायची."

"कसली वाट?"

"ओहोटी लागली आहे. बुरुजावरून पाहावे."

भरतीच्या पाण्यात गलबतामागे शिरलेले ते जहाज आता चिखलात कलले होते. एका बाजूच्या तोफा आभाळाकडे, दुसऱ्या बाजूच्या गाळात. सुभेदार बुरुजावरून खाली उतरले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तलवार परत केली.

वर्षभरात हरजी समुद्रावर कामी आला. त्या खाडीत पळत्या गलबतामागे मात्र पुन्हा कोणी शिरले नाही.