नव्याण्णव टक्क्यांचं स्थळ

एका तालुक्याच्या गावात एक भोळा इंजिनिअर होता. नाव गुणवंत शेलार. नाव बारशाच्या दिवशी ठेवलेलं, तेव्हा कुणाला काय ठाऊक. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा. कंपनीत याला शिस्त म्हणतात.

त्याच गावात ताराताई खराडे वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. साऱ्या तालुक्याची लग्नं त्यांनी जुळवली, पण घरची लेक वृषाली तिशी ओलांडून तशीच राहिली. बाईंच्या जिवाला तोच घोर. शेवटी त्यांनी गुणवंताला बोलावलं.

"कॉम्प्युटरवर हिच्यासाठी एखादं स्थळ काढून दे बाबा."

"काढतो की. तुम्ही नियम सांगा, मी आत घालतो. मग ते नियमाबाहेर जायचं नाही."

"मुलगा तिच्यापेक्षा मोठा असावा."

"घालतो की."

रविवारी दारात घोलप तात्या हजर. एक हात नातवाच्या खांद्यावर, डोक्याला नवी टोपी, तोंडात कवळी.

"मंडळात यांच्याहून मोठं कुणीच नाही," गुणवंत म्हणाला.

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, निदान दात तरी स्वतःचे असावेत."

"घालतो की."

पुढच्या रविवारी एक चांगला नोकरदार मुलगा आला. गुणवंतानं त्याला जिन्यातच आ करायला लावलं, दात मोजले आणि घरी पाठवलं. मुलाची अक्कलदाढ काढलेली होती.

ताई म्हणाल्या, "एवढ्यातेवढ्यावर अडून बसू नये रे. कुठंतरी थोडं सोडून द्यावं."

"सोडतो की."

आणि त्यानं नेमका 'मुलगा बिनलग्नाचा असावा' हा नियम थोडा सोडला. नंतरचा मुलगा आला तो अंगाला हळद लावूनच. लग्न दुसऱ्या दिवशी होतं. मागोमाग नवरीचे दोन मामा आले. त्यांच्या हातात काठ्या होत्या.

"अजून अक्षता कुठं पडल्यात?" गुणवंत म्हणाला. "थोडंच सोडलंय."

वृषाली आतून म्हणाली, "आई, मी अशीच बरी आहे." ताईंना रडू आलं.

"नियम पुरे झाले," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं लग्नं जुळवते. कुणाची जमली, कुणाची नाही, हे त्या मशीनला दाखव आणि त्यावरून शिकू दे."

गुणवंत हरखला. "याला मशीन लर्निंग म्हणतात ताई. पुण्यात याला फार मान आहे."

मशीन शिकायला बसलं. आता ताईंची एक सवय होती. लग्न जमलं, की मुलाचा जुना फोटो काढून त्या जागी लग्नातला लावायचा. मशीननं पाहिलं, ज्यांचं जमलं त्या सगळ्यांच्या कपाळाला मुंडावळ्या. ज्यांचं नाही जमलं, त्यांचं कपाळ मोकळं. झालं, मशीन शहाणं झालं.

त्यानं लोखंडे गुरुजींना नव्याण्णव टक्के दिले. मंडळ आपला सत्कार करतंय अशा समजुतीनं गुरुजी बायको आणि दोन पोरं घेऊन आले. सगळ्यांनी पोहे खाल्ले. मग विषय निघाला, आणि गुरुजींच्या बायकोनं बशी खाली ठेवली.

त्यांना कसंबसं वाटेला लावून ताई गुणवंतावर उखडल्या. "गाढवा, ज्याला नव्याण्णव टक्के मिळतात त्याचं लग्न झालेलं असतं, एवढं कळत नाही? असा कुणी आला तर दारातूनच घालवून दे."

"घालवतो की."

आणि अखेर देवाला दया आली. वृषालीला एक मुलगा मनापासून आवडला. शेतकी ऑफिसातला रणधीर. त्यालाही ती आवडली. मशीनचा काही संबंध नव्हता. तो आईला घेऊन मागणी घालायला येणार होता. वृषाली केव्हाची साडी नेसून आत बसली होती. ताई पेढे आणायला गेल्या, गुणवंताला म्हणाल्या, "पाहुण्यांकडे बघ."

रणधीर चुलतभावाच्या लग्नातून तसाच आला होता. डोक्याला फेटा, फेट्याच्या झिरमिळ्या कपाळावर. गुणवंतानं दारातच त्याचा फोटो घेतला आणि मशीनला दाखवला.

ताई पेढे घेऊन परतल्या, तर दारात गुणवंत एकटाच.

"पाहुणे कुठं गेले?"

"घालवले."

"अरे, का?"

"मुलगा फार चांगला होता ताई. नव्याण्णव टक्के."

ताईंनी पेढ्यांचा पुडा उंबऱ्यावर ठेवला आणि रस्त्याकडे पाहिलं.

"त्याच्या आईला तर सून असल्याचं ठाऊकच नव्हतं," गुणवंत म्हणाला. "मी नीट समजावून सांगितलं. मग तिनंच त्याला चपलेनं बडवत नेलं."