पावलं कुणाच्या घरची?

आमच्या सोसायटीच्या गणपतीचा नैवेद्य दरवर्षी उर्मिलेच्या हातचा असे, आणि तिच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या चेअरमनबाई कुमुदिनीताईंना नेमकं तेच सलत होतं. यंदा उर्मिलेच्या ओट्याखाली झुरळं दिसली मात्र, ताईंनी लगेच बायका गोळा केल्या.

"बाप्पाच्या ताटाला झुरळांच्या घरचं अन्न चालतं का? माझ्याकडे झुरळ औषधालासुद्धा सापडायचं नाही. नैवेद्य मीच करीन!"

"उद्या सकाळपर्यंत थांबा, ताई," उर्मिला म्हणाली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून तिने ओट्याखाली रांगोळी पसरली.

सकाळी बायकांनी वाकून पाहिलं. बारीक पावलांची रांग दोन्ही घरांमधल्या भिंतीत, पाइपाच्या भोकापाशी पोचली होती.

"अगंबाई, ही तर ताईंकडून आली!"

"आली कशावरून? गेली असतील!" कुमुदिनीताई कडाडल्या.

उर्मिलेने हात जोडले. "ताई, आली असतील तर तुमच्याकडून आली, गेली असतील तर तुमच्याकडेच मुक्कामाला आहेत. चूल बदलून काय होणार? भोक बुजवू आणि कणकेत बोरिक पावडर कालवून दोन्हीकडे गोळ्या ठेवू."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नैवेद्याचं पुरण उर्मिलेनेच वाटलं. कुमुदिनीताईंनी मात्र गोळ्या दुसऱ्यांदा मागून नेल्या.