कातळावरची झडती

एका उघड्या कातळाच्या भेगेत एक सरडा राहत असे. जंगल होतं ते खाली दरीत. वर नुसता काळा दगड, आणि डोक्यावर फिरणारी घार. पण त्या भेगेच्या तोंडाशी एक झाड होतं. सोनकीच्या भावकीतलं, पण सोनकी नव्हे. पानं जाड, उन्हाळ्यातही न गळणारी, आणि श्रावण सरला की त्याला पिवळीधमक फुलं यायची. त्याची सावली होती म्हणून सरडा भाजत नव्हता आणि आडोसा होता म्हणून घारीला सापडत नव्हता. झाड गेलं की सरडा गेला, इतकी सरळ गोष्ट. म्हणून तो रात्रंदिवस राखण करी. राखण करता करता त्याला संशयाची खोडच जडली. मुंगी वर चढली की विचारी, "कुठली तू? कोणी पाठवलं?" वारा सुटला तरी त्याला वाटे, हा बरा आत्ताच सुटला!

एकदा एक मधमाशी आली. तिच्या पायांना पिवळा भुगा लागला होता. शिकलेले त्याला पराग म्हणतात. सरड्याने मान वरखाली केली. पोरांनो, सरड्याची मान कायम होकाराची असते, तोंड मात्र नकाराचं. तो म्हणाला, "थांब बये! पायाला काय लागलंय?"

"समोरच्या कड्यावर अस्संच झाड आहे, सरडोबा. तिथून आले."

"खोटं. असं झाड जगात एकच आहे, आणि ते माझं. आणि खरं असेल तर तू तिथं चोरी करून आलीस. तिथं चोरलंस, इथंही चोरशील. आधी त्या डबक्यात पाय धू, अंग झाड, मग आत जा. नाहीतर गिळतो."

कातळाच्या खळग्यात पावसाचं पाणी साठलं होतं. मधमाशीने पाय धुतले, फुलात गेली, निघताना सरड्याने पुन्हा झाडून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अहो, पंख ओले होऊन होऊन मला ताप भरेल!" सरडा म्हणाला, "चोराला ताप भरलेला बरा." तरी बिचारी दोन वर्षं येत राहिली. तिसऱ्या वर्षी आली नाही. सरड्याला वाटलं, जिंकलो.

दरसाल फुलं सुकली की पांढऱ्या म्हाताऱ्या उडत. तुम्ही फुंकर मारून उडवता ना, तसल्याच. सरडा त्यांच्याकडे बघून छाती फुगवी. पण कातळावर नवं रोप एकही उगवेना. त्याचं खापर त्याने आधी मुंग्यांवर फोडलं, मग वाऱ्यावर. तिसऱ्या वर्षी झाडाचं खोड बुडाशी कुजलं. पानं झडू लागली, शेंड्याला एकच कळी राहिली. तेव्हा कड्याखालची म्हातारी घोरपड वर आली. तिने दगडाला चिकटलेली एक जुनी म्हातारी उचलली, तिचं बी नखाने फोडलं आणि सरड्यापुढे धरलं.

"बघ मेल्या. आत काय आहे?"

"काहीच नाही."

"पोचट! सगळी पोचट. या झाडाला आपल्याच भुग्यावर बी धरत नाही. समोरच्या कड्यावरचा भुगा लागतो. तो रोज कोण आणत होतं, आणि डबक्यात कोण धुवायला लावत होतं?"

सरड्याची मान पहिल्यांदाच हलायची थांबली. "मावशी, मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"दोनदा आले होते. दोन्ही वेळा तू मला 'कोणी पाठवलं' विचारलंस. मी परत गेले."

सरडा तसाच दरीत उतरला. तिथे सात वर्षांनी कारवी फुलली होती आणि सगळ्या माश्या तिच्यावर तुटून पडल्या होत्या. त्याने मधमाशीला शोधून काढलं. "चल ग बाई, झाड मरतंय. एकच कळी राहिलीय." मधमाशी म्हणाली, "कारवी झडती घेत नाही, सरडोबा. ती फुलली आहे तोवर मी इथून हलायची नाही." आणि गेली फुलात.

आता काय? सरडा स्वतःच निघाला. ओढा ओलांडला, समोरचा कडा चढला. वर खरोखरच तस्संच झाड होतं, फुलांनी भरलेलं. त्याने आपलं पोट आणि गळा फुलांवर घासला. पिवळाजर्द होऊन परत फिरला, तोच भेगेतून आवाज आला, "थांब! अंगाला काय लागलंय?"

तिथेही एक सरडा होता.

"दादा, माझं झाड मरतंय. एवढं नेऊ दे," आपला सरडा म्हणाला.

"सगळे चोर असंच सांगतात. समोरच्या कड्यावर झडती घेतात असं ऐकलं, तेव्हापासून मीही घेतो. तिकडे चोर असल्याशिवाय का कोणी झडती घेईल? चल, अंग झाड!"

शब्द न् शब्द ओळखीचा होता. त्या सरड्याने ह्याचं पोट पुसलं, पाठ पुसली, शेपटीसुद्धा सोडली नाही.

आपला सरडा घरी पोचला तेव्हा कळी उमलून फूल झालं होतं. खोड अर्धं वाळलेलं. वर घार घिरट्या घालत होती. लपायला पानं उरली नव्हती, आणि त्याला लपायचं भानही नव्हतं. त्याने थकून हनुवटी त्या फुलावर टेकली आणि बराच वेळ तसाच पडून राहिला.

पण सरड्याच्या गळ्याखाली सैल कातडीची एक घडी असते. झडती घेणाऱ्याचं लक्ष तिथे गेलं नव्हतं. त्या घडीत चिमूटभर भुगा अडकला होता, तो फुलावर सांडला.

झाड महिन्याभरात वाळून गेलं. त्याच्या शेवटच्या म्हाताऱ्या उडाल्या, त्यातली एक मात्र लांब गेली नाही. जड होती. शेजारच्याच भेगेत जाऊन बसली. तो उन्हाळा सरड्याने घोरपडीच्या बिळात काढला, आणि पावसाळ्यात वर येऊन पाहतो तर त्या भेगेत दोन जाड पानं.

पुढे ते रोप फुललं. एके सकाळी मधमाशी आली. पाय पिवळे. दारात थबकली, आणि सवयीने डबक्याकडे वळली.

"कुठून आलीस?" सरड्याने विचारलं. खोड कुठे जाते!

"समोरून. तिथला राखणदार झोपला होता."

"मग पाय धुऊ नकोस," सरडा म्हणाला, आणि बाजूला झाला.

तात्पर्य : राखणदाराने चोर ओळखावा, पण त्याआधी येणारा काय घेऊन येतोय ते बघावं. जो दारातच सगळ्यांना झाडून घेतो, त्याच्या घरात पोचटच पिकतं.