जांभळाच्या खोडातलं पिल्लू

वारा आला. घोंघों आला. जांभूळ पडलं. धाडदिशी पडलं!

जांभळाच्या पोटात ढोली. ढोलीत खारीचं पिल्लू. एकच पिल्लू. इवलंसं. डोळेसुद्धा न उघडलेलं.

ढोलीचं तोंड गेलं चिखलाखाली. दार बंद झालं. खार बाहेर. पिल्लू आत.

खारीनं खोडाला कान लावला. आतून आवाज आला, "चीं चीं चीं."

"आले रे बाळा, आले!"

खारीनं खोड ओरबाडलं. खर्र खर्र. साल निघाली. नख तुटलं. खोड काही उघडेना.

वाटेपलीकडे शेड होती. शेडमध्ये होती करवत. इंजिनाची, चेनची. गुर्र करून झाडं कापणारी. खार तिला फार भ्यायची. तिचा आवाज आला, की पिल्लाला पोटाशी घ्यायची. आज तिच्याकडेच निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु.

"करवतबाई, करवतबाई, खोड काप!"

"कशी कापू? माझं इंजिन जाम. कुणी नुसतंच पेट्रोल पाजलं. तेल घातलंच नाही. कोरडा घास घशात अडकतो ना, तसा पिस्टन अडकला. जैनूचाचा इंजिन जुळवतील, तर मी चालीन."

खार म्हणाली,
"करवत चालेना,
खोड उघडेना,
पिल्लू निघेना.
आता मी काय करू?"

"मला काय विचारतेस? चाचाला विचार!"

तुरुतुरु, तुरुतुरु.

जैनूचाचा म्हणजे मिस्त्री. शेडच्या दारात बसले होते. हात काळे. नाक काळं. पुढ्यात इंजिनाचे तुकडे.

"जैनूचाचा, जैनूचाचा, इंजिन जुळवा!"

"कशानं जुळवू, बाय? पिस्टनची रिंग जळाली. नवी आणली, गोणपाटावर ठेवली. कावळ्यानं उचलली! कावळा रिंग देईल, तर मी जुळवीन."

"मग कुऱ्हाडीनं फोडा ना खोड! माझं पिल्लू आत आहे!"

"कुऱ्हाडीचे दणके पिल्लाला सोसतील का गे?"

खारीनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली,
"चाचा जुळवेना,
करवत चालेना,
खोड उघडेना,
पिल्लू निघेना.
आता मी काय करू?"

"मला काय विचारतेस? कावळ्याला विचार!"

तुरुतुरु, तुरुतुरु. शेडजवळच्या आंब्यावर चढली. सरसर सरसर.

"कावळेदादा, कावळेदादा, रिंग दे!"

"काव! नाही देत. रिंगेवर माझं घरटं टेकलंय. रिंग काढली, की अंडी खाली. फट्ट!"

"पण रिंग चाचांची आहे!"

"असेल. अंडी माझी आहेत. सुगरण घरटं विणून देईल, तर मी रिंग देईन."

खार म्हणाली,
"कावळा देईना,
चाचा जुळवेना,
करवत चालेना,
खोड उघडेना,
पिल्लू निघेना.
आता मी काय करू?"

"मला काय विचारतेस? सुगरणीला विचार!"

ऊन कललं. खोडातून आवाज आला, "चीं चीं." एक चीं कमी झाली होती.

तुरुतुरु, तुरुतुरु.

"सुगरणताई, सुगरणताई, कावळ्याचं घरटं विण!"

"त्या कावळ्याचं? ते काय घरटं आहे? काटक्यांचा ढीग नुसता! बरं, विणते. पण गवत कुठाय? लांब पातीच्या गवतावर म्हैस बसलीय. ढिम्म. म्हैस उठेल, तर मी विणीन."

खार म्हणाली,
"सुगरण विणेना,
कावळा देईना,
चाचा जुळवेना,
करवत चालेना,
खोड उघडेना,
पिल्लू निघेना.
आता मी काय करू?"

"मला काय विचारतेस? म्हशीला विचार!"

तुरुतुरु, तुरुतुरु.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, ऊठ!"

चपक चपक. म्हैस रवंथ करत होती. "नाही उठत जा."

"आपणहून ऊठ ना गं!"

"आपणहून कोण उठतं? मुंगी कानात चावेल, तर मी उठीन."

खार म्हणाली,
"म्हैस उठेना,
सुगरण विणेना,
कावळा देईना,
चाचा जुळवेना,
करवत चालेना,
खोड उघडेना,
पिल्लू निघेना.
आता मी काय करू?"

"मला काय विचारतेस? मुंगीला विचार!"

सावल्या लांब झाल्या. खार पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मुंगीबाई, मुंगीबाई, म्हशीला चाव!"

मुंगीच्या तोंडात अंडं होतं. पांढरं. तांदळाच्या कणीएवढं.

"अंडं खाली ठेवलं, तर तुडवलं जाईल. कुणी अंडं सांभाळील, तर मी चावीन."

खार म्हणाली,
"मुंगी चावेना,
म्हैस उठेना,
सुगरण विणेना,
कावळा देईना,
चाचा जुळवेना,
करवत चालेना,
खोड उघडेना,
पिल्लू निघेना.
आता मी काय करू?"

आणि खार रडायला लागली.

मुंगीनं तिच्याकडे बघितलं. "रडू नको. तू आई ना? मग धर माझं अंडं. पाडू नको हां."

खारीनं दोन्ही पंजांत अंडं घेतलं. खोडातून आवाज आला, "चीं." एकदाच. खारीचे पाय पळू पळू झाले. पण ती पळाली नाही. सगळं अंग थरथरलं. पंजे मात्र हलले नाहीत.

मुंगी म्हशीच्या कानात शिरली. कच्च!

"आई गं!" म्हैस उठली. धडपड धडपड!

गवत मोकळं झालं. सुगरणीनं पाती उचलली. घरटं विणलं. सटसट, सटसट.

कावळ्यानं अंडी त्यात ठेवली. रिंग चाचांपुढं टाकली. टिंग!

मुंगी परत आली. अंडं घेतलं. सगळीकडून बघितलं. "नीट आहे. जा आता, जा!"

चाचांनी पिस्टन घासला. घस घस. रिंग बसवली. इंजिन जुळवलं. पेट्रोलात तेल ओतलं. डबा हलवला. खळखळ खळखळ. दोरी ओढली.

खर्र... फुस्स.

पुन्हा ओढली. खर्र... फुस्स.

"चल गे माझे आई!" चाचांनी पुन्हा ओढली.

गुर्र्र्र!

करवत चालली. चाचा खोडापाशी आले. आणि थांबले.

"पिल्लू नेमकं कुठं आहे? खोड एवढं लांब. चुकीच्या जागी करवत लागली तर..." चाचांनी करवत बंद केली.

खारीनं खोडाला कान लावला. इथं काही नाही. तिथं काही नाही. चीं नाही. काहीच नाही.

खार खोडावर चालली. हळू हळू. हुंगत हुंगत. एका जागी थांबली. आत काहीतरी खसखसलं. अगदी बारीक. खार तिथंच बसली.

"ऊठ गे बाय! करवत लागेल!"

"नाही उठणार. माझ्याखाली माझं पिल्लू आहे. मी बसलेय तिथं कापू नका. या बाजूनं कापा. त्या बाजूनं कापा."

चाचांनी तिच्याकडे बघितलं. दोरी ओढली.

गुर्र्र्र!

खोड हादरलं. भुसा उडाला. खारीच्या डोळ्यांत गेला, कानांत गेला. शेपटी खोडाला चिकटली. गुर्र्र्र, या बाजूनं. खार बसून राहिली. गुर्र्र्र, त्या बाजूनं. खार बसूनच राहिली.

करवत थांबली.

मधला ओंडका सुटला. खार खाली उतरली. चाचांनी ओंडका हळूच उलटवला. ढोलीचं तोंड वर आलं.

आत पिल्लू होतं. गार. हलत नव्हतं.

खार आत शिरली. पिल्लाला चाटलं. पाठ चाटली. पोट चाटलं. पुन्हा चाटलं.  आंब्यावरचा कावळासुद्धा वाकून बघू लागला.

पिल्लाचं पोट हललं. एकदा. मग पुन्हा.

पिल्लानं तोंड उघडलं. दूध शोधलं. सापडलं! चुटुचुटु, चुटुचुटु.

"प्यायलं गे, प्यायलं!" चाचा म्हणाले. काळ्या हातानंच त्यांनी डोळे पुसले.

पिल्लाचं पोट भरलं. आपल्या गोष्टीचंही भरलं. पिल्लू झोपलं. खार मात्र झोपली नाही. एक पंजा पिल्लावर ठेवून जागीच राहिली.