विहिरीत गेलेलं डिपॉझिट

शेवंती नावाची एक पोरगी होती. तिला बाप नव्हता, आणि आज सकाळपासून घरही नव्हतं. सकाळी सोडलेल्या खोलीच्या मालकाच्या बागेत, सुकलेल्या डाळिंबाखाली, ती आणि तिची आई गोदा बोचक्यांवर बसून होत्या.

गोदाला शेजारच्या गावी शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं होतं. उद्याच हजर व्हा, म्हणाले. गरिबाला काम असंच मिळतं. तिथली खोलीही ठरली होती, पण डिपॉझिट दिल्याशिवाय किल्ली नाही. डिपॉझिट म्हणजे काय, ते ऐका. खोलीत शिरताना मालकाकडे पैसे ठेवायचे आणि निघताना परत घ्यायचे. ठेवणं सोपं असतं.

"अण्णा, आमचं तेवढं द्या की," गोदा म्हणाली.

मालक दामूअण्णा गुडघे चोळत म्हणाला, "महिनाभर आधी नोटीस दिलीस का? मग कसलं डिपॉझिट?"

"कामच काल मिळालं."

"त्याला मी काय करू?" मग तो खरं बोलला. "हे बघ गोदे, पैसे विहिरीत गेले. खणली, तर आत दगड लागला. नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटातून तुझं देईन. सगळे मालक असंच करतात."

"आणि नवा कधी येणार?"

"येतो, विहिरीत डोकावतो, जातो. सकाळी एक रंगारी आला होता. म्हणाला, कापड काय थुंकीने रंगवू?"

एवढं बोलून अण्णा घागर घेऊन नळावर गेला. गोदाने डोळे मिटले. शेवंतीला रडायलाही दम नव्हता.

तेवढ्यात डाळिंबाचं एकुलतं एक फूल हललं. लालचुटुक पाकळी उघडली आणि आतून इवलीशी परी बाहेर आली. मोरपंखी पंख, चांदण्याचा झगा, पायांत मोहरीएवढ्या घुंगरांचे पैंजण. तिच्या अंगावरून सोनेरी धूळ भुरभुरत होती. जिथे ती पडे, तिथलं वाळकं पान हिरवं होई.

"माग बाळ, एक गोष्ट माग," परी म्हणाली. "पण नियम आहे. स्वतःसाठी मागायचं नाही. ज्याच्याशी भांडण, त्याच्यासाठी मागायचं. तेही मनापासून."

"हा कसला नियम?"

"मी नाही केला गं. मला जुनाच मिळाला."

शेवंती तोंड वाकडं करून म्हणाली, "अण्णाला पुष्कळ पैसे मिळू देत."

परीच्या ओंजळीतली सोनेरी धूळ लगेच माती झाली. "हे तू तुझ्यासाठीच मागितलंस, राणी."

"मग मला नकोच काही. मी दमले."

"मीही दमले. सरक, बसू दे."

परी तिच्या शेजारी टेकली. अण्णा घागर घेऊन लटपटत परत आला. निम्मं पाणी वाटेतच सांडलं होतं. त्याने एक तांब्या भरून गोदापुढे ठेवला. "भांडण भांडणाच्या जागी," तो पुटपुटला. "दारातल्या माणसाला पाणी द्यावं लागतं." आणि पायरीवर बसताना कळवळला.

शेवंती धावली. तिने घागर उचलून आत ठेवली, त्याचा हात धरला. "परी, याच्या विहिरीला पाणी लागू दे," ती म्हणाली. "याचे गुडघे फार दुखतात." तेव्हा तिला पैशांची आठवणही नव्हती.

विहिरीत दगड फुटला. आधी थेंब थेंब, मग झुळझुळ, मग निळंशार पाणी चमचम करत काठापर्यंत वर आलं. गल्ली गोळा झाली. कोपऱ्यावर चहा पिणारा रंगारीही आला. त्याच्या गाठोड्यातून केशरी, जांभळी, पोपटी कापडं डोकावत होती. त्याने पाणी चाखलं आणि डिपॉझिट अण्णाच्या हातावर ठेवलं.

अण्णा त्या पैशांकडे बघत राहिला. गोदाने हात पुढे केला.

"नोटिशीचे कापायला हवे होते," असं कुरकुरत त्याने सगळे पैसे गोदाच्या हातात दिले.

परीने शेवंतीच्या कपाळावर बोट टेकवलं. गुलाबी, सोनेरी उजेड पसरला, डाळिंब वरपासून खालपर्यंत फुलांनी भरलं, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

दिवेलागणीला गोदाच्या हातात नव्या खोलीची किल्ली पडली. शेवंती तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

तिचं तिला मिळालं. तुम्ही जिथे जिथे ठेवलं असेल, तिथून तुमचंही तुम्हाला मिळो.