आंबट मातीचे डोहाळे

मुलांनो, माझी शाळा लवकर सुटली. त्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात आणि मोठे शब्द मला येत नाहीत. तेवढे सांभाळून घ्या. माझी ताई बाळंतपणासाठी घरी आली आहे. तिच्या बाळासाठी मी ही गोष्ट लिहिली. पण बाळ यायला अजून अवकाश आहे, म्हणून आधी तुम्हाला सांगतो.

डोंगरउतारावरच्या एका दाट रानात एक ससीण राहत असे. तिला लवकरच पिल्ले होणार होती. तिचे घर म्हणजे नेच्याच्या झुडपाखालची जागा. नेच्याची झालरीसारखी पाने वरून इतकी दाट पसरली होती, की आकाशातल्या घारीला खालचे काही दिसत नसे.

पिल्ले येणार म्हणून ससिणीने घर आवरायला घेतले. झुडपाखालचा कुजका पालापाचोळा तिने दूर लोटला आणि ओढ्याकाठची चुनखडीची पांढरी माती आणून पसरली. मातीतले गांडूळ डोके वर काढून म्हणाले, "वहिनी, हे काय? माझ्या अंगाला झोंबतंय!"

"भाऊजी, तुम्ही जन्मभर चिखलात लोळणार. तुम्हाला टापटीप काय कळणार?" ससीण हसून म्हणाली.

पण हळूहळू नेचा पिवळा पडू लागला. ससिणीने कान भिजवून भिजवून पाणी आणले, तरी पाने झडतच राहिली. एके दुपारी तिच्या अंगावरून घारीची सावली सरकली. ससीण म्हणाली, "भाऊजी, माझी पिल्लं आता लपणार कुठं? मी या नेच्याला काय कमी केलं हो?"

"कमी नाही, जास्त केलंत," गांडूळ म्हणाले. "पाला कुजला की माती आंबट होते. नेच्याला तीच मानवते. तुमच्या चुनखडीनं आंबटपणा मारला. आता मातीत लोह आहे, पण मुळांना ते घेता येत नाही. ताट वाढलेलं आहे, घास तोंडात जात नाही."

ससीण स्वतः रोज आंबट अंबोशीची पाने शोधत हिंडत होती. ती म्हणाली, "अगबाई! म्हणजे यालाही डोहाळे लागलेत म्हणा की!"

तिने पांढरी माती खरवडून काढली आणि ओला पाचोळा परत आणून पसरला. पिवळी पाने काही हिरवी झाली नाहीत. पण मधून वेटोळे घातलेले नवे कोंब वर आले आणि उलगडले. त्यांच्याच सावलीत तीन पिल्ले जन्मली. घार वरून दोनदा फिरली आणि निघून गेली.

तात्पर्य : माया करताना आपल्याला काय आवडते ते नव्हे, समोरच्याला काय मानवते ते पाहावे.

गोष्ट लिहून पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारले, "ताई, तुला काय खावंसं वाटतं?" मी रोज आणलेले पेढे डब्यात तसेच होते. ताई म्हणाली, "विचारलंस एकदाचं! अंबाडीची भाजी." मी पिशवी घेऊन तसाच निघालो.