डोंगरात राहिलेले शब्द

फार पूर्वी शिलावती नगरात सुबल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पाथरवटांच्या कुळात जन्माला आला. वयात आल्यावर तो त्या कुळाचा प्रमुख झाला. दगडावर तळहात ठेवून त्याच्या पोटात काय आहे हे तो सांगू शके, म्हणून सगळे त्याला आचार्य म्हणत.

नगरात पाण्याचे फार हाल होते. सरोवर होते, पण डोंगरापलीकडे. राजाने डोंगर पोखरून पाणी आणायचे ठरवले आणि रुद्रदत्त नावाच्या अधिकाऱ्याला त्या कामावर नेमले. पौर्णिमेपर्यंत भुयार पुरे झाले तर रुद्रदत्ताला आणि आचार्याला एकेक गाव इनाम मिळणार होते.

कठीण खडक चुकवत चुकवत भुयार वाकडेतिकडे आत गेले होते. टोकाशी बोधिसत्त्व आपल्या माणसांसह छिन्नी चालवी. तोंडाशी रुद्रदत्त बसे. मधल्या पाच वळणांवर पाच जण दिवा घेऊन उभे असत आणि त्यांच्या तोंडून निरोप आतबाहेर जात. तिसऱ्या वळणावर भद्रिल होता. दगडाच्या धुळीने त्याचा आवाज घोगरा झाला होता, आणि बोलताना मध्येच थांबून तो श्वास घेई.

एकदा छिन्न्या मोडल्याचा निरोप बाहेर गेला, तेव्हा रुद्रदत्ताने तो सांगणाऱ्यालाच वेताने फोडून काढले. त्या दिवसापासून वाईट बातमी वळणावळणाला सौम्य होत गेली. कुणी ठरवून केले नाही. प्रत्येकाने थोडे थोडे वगळले.

एका सकाळी टोकाकडून निरोप आला, "दगडाला पाझर फुटलाय. काम थांबवा आणि बघायला या." भद्रिलपर्यंत तो जवळजवळ तसाच पोचला. भद्रिलने पुढच्याला सांगितले, "दगड जरा ओलसर आहे म्हणतात." तोंडाशी रुद्रदत्ताला कळले ते इतकेच, की काम बरे चालले आहे. "मग आणखी जोराने खणा," असा उलटा हुकूम आला.

भद्रिलने तो हुकूम आत पोचवला आणि भिंतीला पाठ टेकली. त्याच्या कानामागे, अगदी जवळ, कुणीतरी म्हणाले, "काम थांबवा... आणि बघायला या."

तो आवाज घोगरा होता. मध्येच थांबून त्याने श्वास घेतला होता.

भद्रिलने दिवा वर धरला. समोर मोकळे भुयार होते आणि मागे अखंड खडक. ज्योत खडकाकडे किंचित झुकली होती, जणू तिकडून कुणी श्वास आत ओढत होते. त्याने खडकावर कान ठेवला. आत त्याचाच आवाज तेच शब्द हळू हळू पुन्हा म्हणत होता.

त्याने कुणाला सांगितले नाही. वेडा ठरवून कामावरून काढतील, अशी त्याला भीती वाटली. पण दिवसागणिक आवाज वाढले. दुपारी जेवायला सगळे बाहेर उन्हात बसत, तेव्हा कुणी कुणाकडे बघेना. पहिल्या वळणावरचा वृद्ध कंदर घास हातात धरून तसाच बसून राही. दुसऱ्या वळणावरच्याने कानांत मेण भरले होते. प्रत्येकाला वाटे, हे फक्त आपल्यालाच ऐकू येते.

पौर्णिमेला पाच दिवस उरले, त्या दिवशी भद्रिलला खडकातून हसणे ऐकू आले. आठवड्यापूर्वी रुद्रदत्ताने कंदरची थट्टा केली होती आणि भद्रिल भीतीने हसला होता. ते हेच हसणे होते, पण त्याच्या शेवटी खडक हळूच म्हणाला, "बिचाऱ्याला असं बोलू नये."

हे वाक्य भद्रिलच्या मनात आले होते. ओठांवर कधीच आले नव्हते.

हातातला दिवा टाकून तो अंधारात चाचपडत टोकाकडे धावला आणि बोधिसत्त्वाच्या पायांशी कोसळला. "आचार्य, खडक माझ्या आवाजात बोलतो. मी जे सांगितलं नाही ते बोलतो. तुमचा निरोप मी अर्धाच पुढे दिला होता."

बोधिसत्त्व रागावला नाही. त्याने छिन्नी खाली ठेवली आणि पाचही जणांना तिसऱ्या वळणावर बोलावले. दिव्याभोवती सगळे बसले. त्याने एकेकाला दोनच गोष्टी विचारल्या. "तुला काय ऐकू आलं? तू पुढे काय सांगितलंस?" उत्तरे देताना एकेकाचा चेहरा उतरत गेला.

"आचार्य, हे आहे तरी काय?" कंदरने विचारले.

"या डोंगरात एक यक्ष राहतो, असं माझे वडील सांगत," बोधिसत्त्व म्हणाला. "त्याला स्वतःचा आवाज नाही. माणसं जे शब्द गिळतात ते त्याच्या दगडात साचतात, आणि ओझं झालं की तो ते परत देतो. तो आपला वैरी नाही."

तेवढ्यात खडक बोलला. या वेळी आवाज शांत आणि भारदस्त होता. "मध्ये आता तीन हात दगड उरलाय. पलीकडे सगळं सरोवर आहे. हे यांना कसं सांगू?"

सगळ्यांनी बोधिसत्त्वाकडे पाहिले. तो आवाज त्याचा होता.

बोधिसत्त्वाने मान खाली घातली. "हे शब्द माझे आहेत. चार दिवसांपूर्वी मला कळलं. घबराट होईल म्हणून मी फक्त पाझराचंच सांगत राहिलो. तुम्ही भीतीने गिळलंत, मी मायेने. दगडाला दोन्ही सारखंच." मग तो उठला. "पाणी अडवायला आधी लाकडी दार बसवावं लागेल. चला, सगळे मिळून सांगू."

रुद्रदत्ताने सगळे ऐकले आणि वेत उचलला. "लाकडी दार बसवायला सात दिवस हवेत? पौर्णिमा हुकेल. तुझं गाव जाईल, आचार्य."

"जाऊ दे," बोधिसत्त्व म्हणाला. "गावाच्या बदल्यात मी ही माणसं बुडवणार नाही. पण माझ्यावर विसंबू नका. आत येऊन स्वतः ऐका."

रुद्रदत्त तावातावाने आत गेला. तिसऱ्या वळणावर खडकाने त्याला त्याच्याच आवाजात सांगितले, "राजाला मी खोटी तारीख दिली. आता कोणत्या तोंडाने सांगू?" तो तसाच मागे वळला. बाहेर आला तेव्हा वेत त्याच्या हातात नव्हता. तो घोड्यावर बसून थेट राजाकडे गेला. राजा रागावला आणि दोन्ही इनामे रद्द झाली, पण मुदत वाढवून मिळाली.

तेव्हापासून बोधिसत्त्वाने एक रीत घातली. निरोप ऐकणाऱ्याने तो सांगणाऱ्यालाच परत म्हणून दाखवायचा. सांगणारा 'हो' म्हणाला, तरच पुढे द्यायचा.

दार बसवण्याच्या सहाव्या दिवशी टोकाचा दगड कडकडला. "तडा गेला. सगळे बाहेर," असे बोधिसत्त्व ओरडला. पाचव्या वळणावरच्याने म्हटले, "तडा गेला, सगळे बाहेर." "हो." चौथ्याने म्हटले. "हो." भद्रिलने म्हटले, मध्ये श्वास न घेता. "हो." एक शब्दही न हरवता निरोप उन्हात पोचला. छप्पन माणसे बाहेर आली. शेवटी बोधिसत्त्व बाहेर पडला आणि त्याच्या मागोमाग सरोवर आले. अर्धवट बसलेल्या दाराने पाण्याचा पहिला लोंढा थोपवला, तेवढ्या अवधीत सगळे टेकडीवर चढले.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळचा भद्रिल म्हणजे आजचा भिक्षू पुण्यक. आजारी सोबत्याचा निरोप याने वैद्याला अर्धाच सांगितला. रुद्रदत्त म्हणजे भिक्षू शीलभूती, ज्याच्या रागाला भिऊन तो निरोप अर्धा राहिला. आवाज नसलेला यक्ष म्हणजे तो आजारी भिक्षू, जो तीन दिवस वैद्याच्या एका शब्दाची वाट बघत पडून होता. आणि पाथरवटांचा प्रमुख मीच होतो. तेव्हा माझेही शब्द दगडात सापडले होते."

पुण्यक उठला, शीलभूतीही उठला, आणि दोघे मिळून त्या आजारी भिक्षूच्या कुटीकडे गेले.

सत्यपारमितेची, म्हणजे सत्याच्या परिपूर्णतेची, ही कथा.